कोल्हापूर ते कोहमारा, एका रेघेसाठी

गोंदियाहून परतल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. मी वाघ बघायला गेलेच नव्हते. मी गेले होते मडक्यावर पांढरी रेघ ओढायचं साधन शोधायला. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग मला नीट न्याहाळतो आणि मग विषय बदलतो. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. ज्यांना वाघच हवा आहे त्यांनी इथेच थांबावं.

मी कोल्हापूरला मातीची भांडी करते. घराणं कुंभाराचं नाही. बँकेतली नोकरी सोडून चाकावर बसलेली बाई आहे मी. हे ऐकून लोकांना जे कौतुक वाटतं ते त्यांनी आपल्याजवळच ठेवावं. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या एका प्रदर्शनात माझ्या शेजारी पार्बताबाईंचा गाळा होता. पार्बताबाई गोंदिया जिल्ह्यातल्या कुंभारीण, सडक अर्जुनी तालुक्यातल्या. माझे कप हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "हे काय व, लोट्याले कान लावला का?" तेव्हापासून आमची मैत्री आहे.

त्यांची मडकी मात्र बघत राहावी अशी. लाल पोटाभोवती एकच पांढरी रेघ, जाड, अंगावर उठून आलेली. ही रेघ रंगाची नसते. तिकडे छुई नावाची पांढरी माती मिळते, तिचा दह्यासारखा घोळ करायचा आणि मडकं अजून ओलसर असताना बारीक धारेनं त्यावर सोडायचा. भाजल्यावर रेघ मडक्याचीच होते. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळते. पार्बताबाई हे काम फडक्याच्या पुरचुंडीनं करत. पुरचुंडीच्या तोंडाशी कोंबडीच्या पिसाची नळी बांधलेली असायची, मूठ दाबली की धार.

एप्रिलअखेर त्यांच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. दिवाळीच्या सुमारास आईला लकवा मारला होता आणि उजव्या हातात मूठ दाबण्याची ताकद राहिली नव्हती. "माय म्हनते, माह्या पोरीच्या मांडवात बाजारचा मडका येनार नाई. अन् हात त चालत नाई. रोज रडून राहिली. तुमच्यापाशी काही असल त पाठवा ना, ताई."

पार्बताबाई रडतात हे मला खरंच वाटेना. पण न पाहिलेल्या हातासाठी साधन कसं पाठवणार? मी रेघ ओढायची माझी परदेशी, रबरी फुग्याची डबी पिशवीत टाकली आणि निघाले.

गोंदिया

कोल्हापूरहून थेट गोंदियाला गाडी आहे. अख्खा महाराष्ट्र ती आडवा ओलांडते. तो ओलांडून माझं एवढंच मत झालं की खिडकीपाशी बसलेला माणूस कुठल्याही जिल्ह्यातला असो, तो खिडकी दुसऱ्याच्या सोयीनं उघडत नाही.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं मला बघताच ठरवून टाकलं. "मैडम, नागझिरा? जिप्सी करवा देता हूँ."

"बस स्टँड. कोहमाऱ्याला जायचंय, कुंभाराकडे."

"टाइगर नहीं देखना?"

"नाही."

"कोल्हापूर से आई, और मटका देखने?" त्यानं आरशातून माझ्याकडे अशा दयेनं बघितलं की मला त्याला जास्तीचे पैसे द्यावेसे वाटले. दिले नाहीत. त्यानं मात्र माणुसकी म्हणून रिक्षा बाजारातून घातली आणि एका दुकानापुढे थांबवली. "ये देखो, इधरीच मिलता है."

तिथे लग्नाची मडकी होती. सोनेरी ऑइलपेंट, त्यावर चमकी, आरशाचे तुकडे, "शुभ विवाह" असं चिकटवलेलं आणि वरून जिलेटीनचा कागद. मडक्यांना नटवून कुठेतरी नाचायला पाठवायचं असावं असा सगळा थाट. दुकानदार म्हणाला, "पानी मत डालना, कलर छोड़ता है." ज्यात पाणी घालायचं नाही ते मडकं कशाचं, हे मी त्याला विचारलं. त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

अंगण

कोहमाऱ्याला शालिकरामभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. ते पार्बताबाईंचे यजमान. चाकावर मडकी घडवायची ती त्यांनी, रेघ ओढायची ती पार्बताबाईंनी, अशी त्या घराची वाटणी. त्यांच्या डोक्यावर कुठल्याशा संस्थेचं नाव छापलेली टोपी होती. मे महिन्याचं ऊन असं होतं की मला त्या टोपीचा हेवाच वाटला.

अंगणात बाजेवर पार्बताबाई बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला घ्यावी तसा ठेवलेला.

"आली का कोल्हापूरवाली. बारीक होऊन गेली व. तिकडं खायले भेटत नाई का?"

मी बारीक वगैरे झालेली नाही, झालंय ते उलटंच. पण त्यांना काहीतरी टाकून बोलायचं होतं आणि ते ऐकून मला बरं वाटलं.

कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली पाच मडकी झाकलेली होती. मनीषाच्या लग्नाची. घोळाची रेघ धरते ती मडकं ओलसर असेपर्यंतच. सुकलं की रेघ भाजताना सुटून येते. त्या उन्हात गोणपाटावर घटकाघटकेला पाणी मारावं लागत होतं. रविवारी भट्टी लागायची होती आणि त्याच आठवड्यात लग्न होतं. म्हणजे वेळ किती उरलाय ते मडक्यांच्या काठाकडे बघितलं की कळत होतं.

तिकडची रीत अशी. लग्नघरच्या बायका वाजतगाजत कुंभाराच्या घरी जातात, चाकाची पूजा करतात आणि कुंभारणीच्या हातून मडकी घेऊन डोक्यावरून मांडवात आणतात. आमच्या कोल्हापुरात असली मडकी दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत येतात आणि आम्ही त्यालाच संस्कृती म्हणतो. पार्बताबाईंच्या घरचे आणखी तीन नियम होते. रेघ एका दमात ओढायची, मध्ये हात उचलायचा नाही. तिची दोन्ही टोकं मिळाली पाहिजेत, नाही मिळाली तर ते मडकं कोंबड्यांच्या पाण्याला. आणि नवरीनं आपल्या मडक्यांना मांडवात येईपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. गावातल्या किती पोरींच्या लग्नासाठी त्यांनी ही रेघ ओढली असेल, देव जाणे. आता स्वतःच्या मुलीची वेळ आली आणि मूठ मिटेना.

"मी ओढून देते," मी म्हणाले. मला येते रेघ, बरी येते.

पार्बताबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पोरगी माही आहे," त्या म्हणाल्या.

विषय संपला. सराव करायला एक टाकाऊ मडकं चाकावर ठेवलं आणि कामाला लागलो.

आधी घरातलं साधन निघालं. मागे त्या टोपीवाल्या संस्थेनं गावात प्रशिक्षण घेतलं होतं. शहरातून कुणी तज्ज्ञ आले, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रेघ ओढणाऱ्या बायकांना रेघ कशी ओढावी ते पडद्यावर दाखवलं आणि प्रत्येकीला एक दाबायची प्लॅस्टिकची बाटली दिली. मनीषानं त्या बाटलीत खोबरेल तेल भरून ठेवलं होतं. मला वाटतं, त्या प्रशिक्षणातून निघालेली उपयोगाची गोष्ट तेवढीच. बाटली धुऊन घोळ भरला. उजव्या हातानं ती दबेचना. डाव्या हातानं दाबली तर आधी काहीच नाही आणि मग पचकन गोळा.

मग मी माझी डबी उघडली. मखमलीचं अस्तर, रबराचा फुगा, तीन पितळी नळ्या. पार्बताबाईंनी फुगा दोन बोटांत धरला.

"हे काय व? पोराचा नाक साफ कराचा?"

"रेघ ओढायचा आहे हा. परदेशात सगळे हेच वापरतात."

"त त्याहीचा नाक वाहत असन."

फुग्यानंही तेच केलं. डाव्या हाताला सवय नाही. जोर लावला की पिचकारी, सोडला की आत हवा ओढून फुर्र. चाक फिरवायला बसलेल्या शालिकरामभाऊंच्या गालावर एक छान पांढरा ठिपका उमटला. ते उठून हौदाकडे गेले, तोंड धुतलं आणि पुन्हा येऊन बसले. नवऱ्यांपैकी काहीजण असे असतात हे नोंदवून ठेवते.

रात्रीच्या जेवणाला बोडीतल्या, म्हणजे गावातल्या लहान तळ्यातल्या माशांचा रस्सा आणि भात होता. दुपारीही भात, सकाळी उरलेला भात. मी भाकरीची चौकशी केली तर पार्बताबाई म्हणाल्या, "कायले? बीमार आहे का तू?" तिकडे भाकरी ही आजाऱ्याची गोष्ट दिसते. आमच्याकडे भात. यावरून कुणीही कुणाला नावं ठेवू नयेत, पण आम्ही दोघींनी ती जेवण होईपर्यंत ठेवली.

पुन्हा गोंदिया

दुसऱ्या दिवशी मनीषाला घेऊन साधनाच्या शोधात गोंदियाला गेले. पहाटे निम्मं गाव विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेलं, बस रिकामी. मनीषा शिकलेली मुलगी, गोंदियाच्या एका शोरूममध्ये नोकरी करणारी. तिनं वाटेत मला विचारलं, "ताई, बाजारचा मडका आनला त काय बिघडते? मले त चालते. मायच्या जिवाले त्रास नाई पाहिजे." मी म्हटलं, हे आईला सांग. ती म्हणाली, "मले जिवंत राहाचा आहे."

पहिलं दुकान औषधांचं. मी कानाची पिचकारी मागितली, मग त्याहून मऊ मागितली, मग सलाइनचा संच. दुकानदार गंभीर झाला.

"पेशंट को क्या तकलीफ है?"

"पेशंट मडकं आहे."

"उम्र?" त्याचं लक्ष बिलाकडे होतं.

मनीषा तोंडावर ओढणी घेऊन बाहेर पळाली. दुसरं दुकान नवरीच्या सामानाचं. तिथे मेंदीचे कोन घेतले, दोन जाडीचे. मेंदीवाल्या पोरीनं मला बजावून सांगितलं की या वयात गडद मेंदी नको, हात जून दिसतात. गोंदियात सल्ल्याची कमतरता नाही.

घरी येऊन एकेक बघितलं. मेंदीचा कोन सुंदर धार सोडतो, पण अर्ध्या फेरीत रिकामा होतो, आणि मध्ये हात उचलायचा नाही हा नियम. शिवाय तोही दाबावाच लागतो. पिचकाऱ्यांची गत फुग्यासारखीच झाली. सलाइनवर मात्र माझा भरवसा होता, कारण त्याला दाबावं लागत नाही. निंबाच्या फांदीला बाटली टांगली, घोळ भरला, नळीचं टोक पार्बताबाईंच्या डाव्या हातात दिलं. मडक्याला सलाइन लावलंय ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. बायका पोरं घेऊन बघायला आल्या. एक म्हातारा गृहस्थ मडक्याची तब्येत विचारून गेला. नळीतून चार थेंब आले, मग माती नळीच्या पोटात बसली ती बसलीच.

त्याच संध्याकाळी कमलाआत्या आली. शालिकरामभाऊंची मोठी बहीण, गोंदियात राहणारी. तिच्या हातात जिलेटीनच्या कागदात बांधलेला मडक्यांचा संच होता. सोनेरी, चमकीवाला. मी ओळखला तो.

"भाभी, टेंशन कायले घेतं? मी घेऊन आली ना. एकदम रेडिमेड," असं म्हणून तिनं तो ओसरीत, येता-जाता दिसेल असा ठेवला. तिच्या मनात वाईट नव्हतं. चांगल्या मनाच्या माणसांनी जगात जेवढी कुरूपता आणून ठेवली आहे तेवढी दुष्टांना जमलेली नाही.

पार्बताबाईंनी डाव्या हातानं गोणपाट उचलून पाचही मडक्यांचे काठ चाचपले. एका काठाचा रंग फिका पडायला लागला होता. त्यांनी त्यावर पाणी शिंपडलं आणि तोंड भिंतीकडे करून आडव्या झाल्या. तेव्हा मला कळलं की आईच्या रडण्याबद्दल मनीषा फोनवर खरं बोलली होती. मला स्वतःचा फार राग आला. एवढ्या लांबून येऊन मी त्या घरात आणलं काय, तर रबराचे फुगे.

कोहमारा

सकाळी शालिकरामभाऊ मला कोहमाऱ्याच्या नाक्यावर घेऊन गेले. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब घ्यायची आणि तिची पिशवी करायची असा माझा विचार होता. म्हणजे तेच, दाबणं. माझं डोकं दाबण्यापलीकडे जातच नव्हतं.

पंक्चरवाला जागेवर नव्हता म्हणून समोरच्या धाब्यावर चहाला बसलो. चहा वाईट होता. ट्रकवाले तो पिऊन एवढ्या लांब गाड्या कशा नेतात, कुणास ठाऊक. कढईपाशी एक जाडजूड माणूस जिलब्या पाडत होता. त्याच्या हातात पितळी लोटा होता आणि लोट्याच्या बुडाला भोक. भोकावर बोट. बोट काढलं की पीठ सरळ धारेत पडे, जिलबी पुरी झाली की बोट परत भोकावर. मी चहा ठेवून उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"दाबत नाही तुम्ही?"

"दबाना कायको? उंगली हटाओ, अपने आप गिरता है." मग जरा संशयानं, "मैडम, आप होटल वाले हो क्या?"

"नाही. लोटा विकता का?"

"बाप का है," तो म्हणाला आणि लोटा माझ्यापासून लांबच्या हातात घेतला.

त्याचा लोटा तसाही आमच्या कामाचा नव्हता. भोक मोठं, आणि बोट भोकावर म्हणजे ते मडक्याच्या अंगाला घासणार. पण उलटं केलं तर? भोक वर ठेवलं तर? सरबताच्या नळीचं वरचं तोंड बोटानं बंद केलं की सरबत नळीतच अडकून राहतं, हे लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं. वरून हवा मिळाली नाही की खालून काही सुटत नाही. अंगठा ठेवला की बंद, उचलला की चालू. मूठ लागत नाही, जोर लागत नाही. जो हात नुसता धरू शकतो त्यालाही जमेल.

मी परत येऊन शालिकरामभाऊंना सांगायला लागले. असं एक भांडं पाहिजे, अंड्याएवढं, म्हणजे एका फेरीचा घोळ त्यात मावेल. डबे बनवणारा कुणी आहे का इथे? नाहीतर नारळाची करवंटी? तेलाची कुपी? त्यांना कळेना तेव्हा मी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून आकार काढून दाखवला. गोल पोट, वर छोटं भोक, बाजूला नाकासारखी नळी.

शालिकरामभाऊ त्या चहाकडे बघत बसले. मीही बघत बसले. मी काढलं होतं ते मडकं होतं. घरात दोन कुंभार, एकाची तर हयात मातीत गेलेली, आणि भांड्याचा शोध औषधाच्या दुकानापासून पंक्चरच्या दुकानापर्यंत. आम्ही एकमेकांकडे न बघता चहाचे पैसे दिले आणि घरी आलो.

रेघ

शालिकरामभाऊंचं म्हणणं, चाकावर करू. माझं म्हणणं, एवढीशी वस्तू हातानंच चिमटून करावी. पार्बताबाई म्हणाल्या, "भांडत बसा. तवरिक मडके सुकतेत." मग मी दोन केली. पातळ, चिंचेच्या बीएवढ्या भिंतीची. त्या उन्हात ती दुपारपर्यंत खडखडीत वाळली. चुलीच्या कडेला शेकून मग निखाऱ्यात सरकवली. पहिलं फटकन फुटलं आणि राखेसकट शेजारच्या वरणात उडालं. कमलाआत्या पोट धरून हसली. "ये लो! दाल में मटका!" त्या वरणाचा भात सगळ्यांनी निवडून निवडून खाल्ला, कारण दुसरं वरण नव्हतं.

दुसरं टिकलं. मळकट, काळपट, नाक वाकडं. मी आजवर केलेल्यांत इतकं कुरूप भांडं नसेल. शेजारणीच्या कोंबडीचं पीस कापून नळी केली आणि पळसावरच्या लाखेनं ती नाकात बसवली. तिकडे लाख घरोघर असते. माझ्या मखमली डबीत नव्हती. घोळ जुन्या लुगड्यातून गाळून घेतला. भरणार तोच पार्बताबाईंनी ते भांडं माझ्या हातातून काढून पाण्यात बुडवलं. "कोरा आहे. घोळातला पानी पिऊन टाकन." मी तेच म्हणणार होते, पण हे आता कोण मानणार?

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत बसलो. चुकून बोट लागायला नको म्हणून मनीषाला विहिरीवर पाठवलं. शालिकरामभाऊ चाक हातानं हळू फिरवायला बसले. पार्बताबाईंनी भांडं डाव्या हातात घेतलं आणि अंगठा भोकावर ठेवला. आधी टाकाऊ मडक्यावर. अंगठा उचलला तशी धार आली, एकसारखी. त्यांनी अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाल्या, "लग्नाचा ठेव चाकावर."

डावा हात कापत होता. रेघही कापत होती. त्यांची जुनी रेघ तारेसारखी असायची. ही बोडीच्या पाण्यावर वारा आल्यासारखी. पण तुटत नव्हती. पहिल्या मडक्याची टोकं मिळाली. दुसऱ्याची मिळाली. कमलाआत्यासुद्धा गप्प होती, ही त्या घरातली मोठीच घटना. तिसरं झालं, चौथंही.

पाचव्याची फेरी निम्म्यावर आली आणि कमलाआत्याचा फोन ठणाणा वाजला. पार्बताबाईंचा हात दचकून खाली उतरला. रेघ बोटभर खाली घसरली. आता फेरी पुरी होईल तेव्हा टोक सुरुवातीच्या खालून निघून जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. शालिकरामभाऊंनी चाक थांबवायला हात पुढे केला.

"फिरव," पार्बताबाई म्हणाल्या.

त्यांनी हात उचलला नाही. खाली गेलेली रेघ तशीच ओढत आणली आणि सुरुवातीचं टोक समोर आल्यावर धार सरळ वर चढवली. चढावर हात इतका थरथरला की घोळाचा एक गोळाच साचला, पण टोकाला टोक लागलं. मग अंगठा भोकावर.

मी म्हणाले, "हे एक राहू द्या, दुसरं..."

"जुळला का नाई?"

"जुळलं."

"मंग कोंबड्याले काऊन द्याचा?"

भट्टी रविवारी लागली. पाचही मडकी धड निघाली. मी परतीचं तिकीट बदललं, त्यासाठी खिडकीवरच्या माणसाशी भांडले, आणि लग्नाला राहिले.

लग्नघरच्या बायकांनी कुंभाराच्या घरी जायचं, ही रीत. इथे लग्नघरही तेच आणि कुंभाराचं घरही तेच. मला वाटलं, निदान आता तरी ही वरात टळेल. छे! बायका वाजंत्री घेऊन पुढच्या दारानं निघाल्या, भर उन्हात मारुतीच्या देवळापर्यंत गेल्या, वळल्या आणि त्याच दाराशी परत आल्या. मी पण गेले. माझ्या चपलेचा अंगठा त्यात तुटला. दारात पार्बताबाई उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून, अगदी अनोळखी चेहऱ्यानं.

"कोनाचा लगीन व?" त्यांनी विचारलं.

"पार्बताबाईच्या पोरीचा," बायका म्हणाल्या.

"कोन पार्बताबाई?"

"हाये एक, तोंडाची फटकळ."

सगळ्या हसल्या, मीही हसले. चाकाला हळदकुंकू झालं आणि पार्बताबाईंनी डाव्या हातानं एकेक मडकं पुढे सरकवलं. कमलाआत्यानं पाचवं उचलताना डोळे बारीक केले. "भाभी, रेघ त कापून राहिली."

"हात कापते त रेघ कापनच," पार्बताबाई म्हणाल्या. "हात माहाच आहे ना."

आत्यानं मडकं डोक्यावर घेतलं. तिचा जिलेटीनचा संच ओसरीतच होता. कुणीतरी त्यावर पाहुण्यांच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

मांडवात मडकी मांडली आणि मनीषाला पाटावर बसवलं. बाजारचं मडकंही चालेल म्हणणारी हीच मुलगी. आता हात लावायला मोकळीक होती. तिनं पाचवं मडकं मांडीशी ओढलं आणि रेघेवर बोट ठेवलं. बोट रेघेवरून फिरत गेलं, खाली उतरलं, तिथून चढलं आणि त्या साचलेल्या गोळ्यापाशी येऊन थांबलं. तिथेच राहिलं. भटजी काहीतरी सांगत होते, ते तिला ऐकू जात नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते.

"बोट काढ," मागून पार्बताबाई म्हणाल्या. "झिजवून टाकशील."

भाजलेली रेघ बोटानं झिजत नाही. हे पार्बताबाईंना माझ्याहून चांगलं माहीत आहे.